मेथीवरचं पाणी

पहिलेच सांगून टाकते, ते पाणी मीच शिंपडलं होतं. अकोल्याच्या बाजारात आजही कोणी म्हणते काकूनं शिंपडलं, कोणी म्हणते पोट्टीचा धक्का लागला अन् लोटा सांडला. काही सांडलंबिंडलं नाही. माझा हात लोट्यात गेला, बोटं मेथीवर झटकली, अन् अर्धे थेंब जाऊन काकूच्या पालकावर पडले. बस, एवढंच! पण एवढ्यासाठी आमची बाजारातली जागा जात होती. म्हणून सारं लिहून ठेवते, नाही तर आणखी दोन वर्षांनी लोक म्हणतील, हिनं बाजारात मोर्णा नदीच सोडली होती.

आमी माळी. जुन्या शहराच्या खालच्या अंगाले, मोर्णेच्या काठी आमचा मळा. अर्धा बाबाचा, अर्धा काकाचा, अन् मधात दोघांची एक विहीर. मोट बी एकच. एक दिवस आमची पाळी, एक दिवस त्यांची. बाबा अन् काका दोन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत तरी मोट कधी थांबली नाही, पाणी काही भांडण पाहत नाही.

त्या वर्षांत कापसानं साऱ्या वऱ्हाडाचं डोकं फिरलं होतं. समुद्रापार कुठं तरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद पडला, अन् इकडं आमच्या कापसाले असा भाव आला की बाप्पा! हिवरखेडाकडून येणारा गाडीवान सांगे, वाटेनं पाहावं तिकडं पांढरंच पांढरं. मिरचीच्या वाफ्यात कपाशी, कांद्याच्या वाफ्यात कपाशी. कोण्या पाटलानं म्हणे गाडीच्या चाकाले चांदीची धाव बसवली. मी पाहिली नाही, पण ज्यानं सांगितलं त्यानंही पाहिली नव्हती. भाजी लावणारे उरले मोजके. आमी उरलो ते काही शहाणपणानं नाही. बाबा म्हणे, "कपाशी उकडून खाता येते काय?" झालं. आमच्याकडं मेथी, पालक, वांगी अन् सांबार राहिला. पुण्याकडचे लोक सांबाराले कोथिंबीर म्हणतात म्हणे. म्हणोत.

आता मुख्य गोष्ट, जी पहिले सांगायले पाहिजे होती. आमी किरिस्ताव झालो.

माझी लहान बहीण पटकीनं गेली. त्या वेळी आमच्या दारात कोणी आलं नाही. येऊ नये हेही खरं, पटकीच ती. अमरावतीचा एक म्हातारा पाद्री गावोगाव औषध देत फिरत होता, तो तेवढा आला. औषधानं काही झालं नाही, हेही सांगते, काहून की लोक समजतात आमाले चमत्कार दाखवून बाटवलं. बहीण दोन दिवसांत गेली. पण ते दोन दिवस तो म्हातारा तिच्याजवळ बसला. तिची लुगडी, गोधडी, सारी घाण त्यानं आपल्या हातानं धुतली. गेल्यावर तिले आंघोळ घालाले माय उठू शकेना, तर त्यानं मायले विचारलं अन् पाणी तापवून तिले धुतलं. हळूहळू, जशी जित्या लेकराले घालतात तशी.

वर्षभरानं माय बाबाले म्हणाली, "ज्यानं मायी लेक धुतली, त्याचा देव कसा हाय ते मले पाहाचं हाय." बाबा तिच्या तोंडाकडं पाहत राहिला. मंग तोही पाहाले लागला. मंग मी. अमरावतीले गाडी जुंपून गेलो अन् तिघंही बाप्तिस्मा घेऊन आलो. पाद्रीनं विचारलं, विश्वास आहे काय, तर मी एवढ्या जोरानं हो म्हटलं की मागची बाई दचकली. तिथं हो म्हणणं सोपं होतं. तिथं सगळे हो म्हणणारेच बसले होते.

घरी आलो तर काकानं कुंपणाले काटे लावले होते. विहिरीचं काय करावं हा मोठा घोळ झाला. विहीर बंद करावी तर त्याचाही मळा वाळन. शेवटी पंच बसले अन् ठरलं: यांनी मोटेनं पाणी घ्यावं, घागर बुडवू नये. म्हणजे पाहा, मेलेल्या बैलाच्या कातड्याची मोट रोज विहिरीत बुडे, ते चाले. मायची घासून चकचकीत केलेली घागर बुडली की विहीर बाटे! मी हे बोलून दाखवलं, तर बाबानं डोळे वटारले.

काकूनं आमच्याशी बोलणं बंद केलं. पण काकूले न बोलता राहता येते काय? मंग ती म्हशीशी बोलाले लागली. कुंपणापाशी म्हैस बांधे अन् ठणठणीत आवाजात सांगे, "अ व म्हशी, आज बाजारात सांबाराले लय भाव हाय बरं! आननाऱ्यानं आनावा!" म्हशीनं काय सांबार नेला असता? माय इकडं गालात हासे अन् सांबार उपटे.

बाजारात आमची माळ्यांची ओळ. तिथं कडुनिंबाखाली मायची जागा, बाजूले काकूची. जागेचा कायदा जुना आहे. लागोपाठ तीन बाजार जागेवर भवानी झाली नाही, म्हणजे दिवसाची पहिली विक्री झाली नाही, तर जागा गेली. मंग ओळीचा चौधरी ती दुसऱ्याले देते. अन् जागा गेली की मळा असून काय करता? डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरलं असतं, पण आमाले दारात कोण उभं करन?

मंग एक दिवस चौधरी कुंपणाबाहेर उभा राहून मायले म्हणाला, "भाजी इका, माही ना नाही. बाजारात भाजीच नाही तर लोक खातीन काय, सरकी? पन सुकी इका. तुमच्या लोट्यातलं पानी भाजीवर पडता कामा नये."

आता ज्यानं कधी भाजी विकली नाही त्याले हे साधं वाटन. पण पालेभाजीवर पाणी शिंपडलं नाही तर दुपारी ती सुकून झाडूसारखी होते. माळणीचा हात घटकेघटकेले लोट्यात जाते, तिच्या ध्यानातही नसते.

माय म्हणाली, "चौधरीबुवा, भाजी म्हंजे काय चुलीचं जयतन हाय सुकं इकाले? अन् घरी नेऊन धुवाचीच हाय ना ती?"

"तो मायंदाळ वाद नोको. सांगतलं ते सांगतलं."

मायनं ऐकलं नाही. पुढच्या बाजारी लोटा घेऊन बसली, पाणी शिंपडलं, अन् दिवसभर एक जुडी गेली नाही. तो एक बाजार. मंग तिले हिवताप आला, असा की खाट हाले. तो दुसरा बाजार. बाबा तिकडं अमरावतीले, लोकांच्या कापसाच्या गाड्या हाकाले गेलेला. भाजी विकल्या जात नव्हती, तर करन काय? तिसऱ्या बाजाराले उरली मी.

निघताना माय खाटेवरून म्हणाली, "लोटा नेजो, प्याले. शिंपजो नोको."

"तू नाही ऐकलं त्याचं, मी काहून ऐकू?"

"मी नाही ऐकलं म्हनून तर तुले जा लागून राहिलं. जागा राखून ये पोरी, बाकी मंग पाहू." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तवा ठेवल्यासारखा गरम. अन् प्रार्थना केली, दोन शब्दांची: "प्रभू, सांभाय." मले वाटलं, एवढ्या मोठ्या कामाले एवढीशी प्रार्थना? पण तिले धाप लागत होती.

तर मी गेली, बसली, अन् खरं सांगते, मनात ठरवलं होतं की आज नाही शिंपडायचं. देवाशपथ! ऊन आश्विनाचं, कडक. काकू बाजूले बसून आपल्या टोपलीशी बोलत होती, म्हैस काही बाजारात आणता येत नाही म्हणून. "अ व टोपले, मेथीनं मान टाकली बरं बाजूच्या. पाहणाऱ्याले दिसत नाही काय?" मी मेथीकडं पाहिलं. खरंच मान टाकली होती. तेवढ्यात एक बाई समोर उभी राहिली, तिले भाव सांगता सांगता माझा हात, हा उजवा, गेला लोट्यात अन्...

"व माय!" ती बाई मागं सरली. "किरिस्तानीच्या लोट्यातलं पानी! पालकावर बी पडलं! पाय, पाय, थेंब पाय!"

थेंब दिसतच होते. काकूच्या पालकाच्या पानावर, उन्हात चमकत. जशे काही हिरेच. मी काकूकडं पाहिलं, काकूनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या ढिगाची सारी विक्री त्या आठ-दहा थेंबांनी बुडवली होती. मले वाटलं, आता मारते.

चौधरी आला. माणसं जमली. चौधरीनं विचारलं, "कोनाचं पानी?"

अन् काकू म्हणाली, "मायं. माया लोट्यातलं होतं. तिनं चुकून माया लोटा उचलला."

मी पाहतच राहिली. काकू साफ खोटं बोलत होती, पापणी न हलवता. तिचा लोटा तर तिच्या मांडीआड होता! आता मी नुसतं गप्प बसायचं होतं. बोलायचंही नव्हतं. काकूचा पालक वाचत होता, आमची जागा वाचत होती, माय खाटेवर होती. गप्प बसायले काय लागते?

मी म्हटलं, प्रभू, मी गप्प बसते. तुले तर माहीतच हाय कोणाचं पाणी.

पण मले बहीण दिसली. तो म्हातारा तिच्या बोटांमधून पाणी घालत होता ते दिसलं. त्या दिवशी आमच्या घरच्या पाण्याले हात लावणारा तो एकटाच होता. अन् आज मी तेच पाणी माझं नाही म्हणू? आज काकूचं म्हटलं, तर पुढच्या बाजारी पुन्हा माझं पाणी घाण. मंग दर बाजारी खोटं. जन्मभर दुसऱ्याच्या लोट्यामागं लपायचं काय?

"काकू खोटं बोलून राहिली," मी म्हटलं. "पानी मायं होतं."

काकूनं कपाळावर हात मारला. "ए टोपले, या पोट्टीले अक्कल नाही व!"

"अन् चौधरीबुवा," मी उभी राहिली, तोंड चालू झालं की माझं थांबत नाही, "हे पानी आमच्या इहिरीचं हाय. त्याच इहिरीचं पानी काकूच्या पालकाले जाते. मोट बी एकच. मुयाले चालते अन् पानाले चालत नाही, हे कसं काय? पालक काय डोक्यावर उभा राहून पानी पेते काय?"

मागून कोणी तरी फिसकन हासलं. मंग आणखी दोघं. एक गाडीवान म्हणाला, "बुवा, पोट्टी हिशोबाचं बोलून राहिली."

चौधरीचा चेहरा लाल झाला. हासलं नसतं तर बरं होतं, काहून की हासल्यावर माणसाले माघार घेता येत नाही. "तोंड पाय पोट्टीचं! दोन बाजार तुयी भवानी नाही झाली. आज तिसरा. सूर्य मोर्णेपार गेला अन् कोनी काही घेतलं नाही, तर जागा बार्शीटाकळीवाल्याले. तो केव्हाचा मागून राहिला. अन् हा पालक बी बाटला. कोनी घेऊ नये."

गेला. माणसं पांगली. मी खाली बसली. अन् मंग मी काय केलं? लोट्यात हात घातला अन् मेथीवर पुन्हा पाणी शिंपडलं. या खेपेले ठरवून. मंग माझ्या पालकावर. मंग सांबारावर. रागारागात वांग्यांवर बी शिंपडलं. वांग्यावर कोणी पाणी शिंपडते काय! पण मी शिंपडलं.

अन् लगेच फळ भोगलं. घटकेभरानं एक बाई इकडं तिकडं पाहत आली. पाहुणे आले होते तिच्या घरी अन् बाजारात दुसरीकडं वांगी नव्हती. हळूच म्हणाली, "बाई, खालची सुकी वांगी असली तर दे वं." एकही सुकं नव्हतं. तिथंच भवानी झाली असती! ती गेली अन् मी ओठ चावत बसली. काकू टोपलीले म्हणाली, "सांगतलं होतं, अक्कल नाही म्हनून."

दुपार मोठी होती. लोक यायचे, पाहायचे, जायचे. पोरं "किरिस्तानी, किरिस्तानी" करत नाचून गेली. एकानं मेथीत माती फेकली, मी ती निवडून काढली अन् पाणी शिंपडलं. मी प्रार्थना करत होती सारखी, पण पाद्रीसारखी नाही, भांडल्यासारखी. प्रभू, तू पाहून राहिला ना? मंग एक गिऱ्हाईक पाठव. एकच. लंगडं पाठव, आंधळं पाठव. अन् नसन पाठवायचं तर मले इथून उठू तरी देऊ नको.

गिऱ्हाईक आलं नाही. ऊन कमी झालं नाही. पण उठावंसंही वाटलं नाही. विचित्रच ते. सकाळी येताना मले जेवढी भीती होती त्याच्या पावपट बी उरली नव्हती. जे व्हायचं ते झालं होतं, तोंडानं बोलून झालं होतं, आता लपवायले काही नव्हतंच. माझ्या बाजूले कोणी बसलं आहे असं वाटत होतं, अन् ती काकू नव्हे.

ऊन कलंडलं. नदीपलीकडच्या झाडांवर सूर्य टेकला. चौधरी येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला, मागं तो बार्शीटाकळीवाला, अंगठ्यानं जमीन मापून राहिला होता! काकूचा पालक तसाच पडून होता. दिवसभर तिलेही कोणी विचारलं नव्हतं, अन् ते माझ्यामुळं. मले तिच्याकडं पाहवत नव्हतं.

"उचल टोपली," चौधरी म्हणाला.

"सूर्य बुडाचा हाय अजून."

"जिद्दी बापाची जिद्दी पोट्टी."

"मायची बी," मी म्हटलं.

तेव्हा काकू वळली. टोपलीकडं नाही. वर्षभरात पहिल्यांदा सरळ माझ्याकडं पाहून बोलली, "दे व पोट्टे, एक जुडी मेथी."

मी एक जुडी पुढं केली. चौधरी ओरडला, "काय करून राहिली तू? बाटशीन ना!"

"बाटली ना मी दुपारीच!" काकू कडाडली. "तुमीच म्हनलं ना, पालक बाटला म्हनून? दिवसभर बाटलेला पालक घेऊन बसली मी इथं. आता बाटलेल्या बाईनं बाटलेली मेथी घेतली, तर नवीन काय बाटलं?"

"जातीचा दंड पडन."

"पडू द्या. तिची माय तापानं पडली हाय. उद्या हा बार्शीटाकळीवाला बाजूले येऊन बसला तर मी भांडू कोनासंग? त्याले तर भांडताही येत नसन!" तिनं कमरेचा पैसा काढून माझ्यासमोर टाकला. "मोठी जुडी दे. ही काय, कानकोरणं दिलं."

मी दोन दिल्या. भवानी झाली, सूर्य बुडाच्या आत, साऱ्या ओळीसमोर. चौधरी थुंकून निघून गेला. बार्शीटाकळीवाला जमिनीवरची आपली खूण पायानं पुसत उभा राहिला, गरीब दिसला तो मले.

घरी धावतच गेली. मायले एका दमात सगळं सांगितलं, शेवट पहिले अन् पहिलं शेवटी. तिनं ऐकलं अन् विचारलं, "वांग्यावर काहून शिंपडलं व?" अन् हासत सुटली, तापात, खाट हालवत. मंग रडली. मले म्हणाली, "मीच तुले लपाले सांगतलं होतं. तापानं भेली होती मी." अन् सकाळचीच प्रार्थना केली, पण या खेपेले लांब. काकूचं नाव त्यात तीनदा आलं.

काकूले दंड खरंच पडला. जातीले जेवण घालावं लागलं. पंगत आमच्या कुंपणापलीकडंच बसली. मी काट्यांतून पाहत होती. वरण त्या विहिरीच्या पाण्याचं, भाजी त्या विहिरीच्या मळ्यातली, अन् चौधरीनं ती दोनदा मागून घेतली. शुद्ध झाली काकू! अन् दुसऱ्या दिवसापासून पुन्हा म्हशीशी बोलाले लागली. मले वाईट वाटलं, पण थोडंच.

पुढच्या बाजारी माय माझ्यासंग आली. अजून भिंत धरून चाले, तरी आली. बसली, लोटा समोर ठेवला, लपवला नाही. एकही गिऱ्हाईक यायच्या पहिले तिनं ओंजळ भरून मेथीवर पाणी मारलं, अन् चांगले चार थेंब बाजूच्या पालकावर गेले. साऱ्या ओळीनं पाहिलं. चौधरीनंही.

काकूनं मान वर केली, निरभ्र आभाळाकडं पाहिलं, अन् टोपलीले म्हणाली, "अ व टोपले, भुरभुर पाऊस लागला वाटते." अन् पालकाची जुडी उचलून, थेंबांसकट, समोरच्या बाईच्या पदरात टाकली.